पी-३८, बनाना की ईपी?

मंडपवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात अठरा वर्षं गेली. त्यामुळे पिना-सॉकेटांचं मला कुणी काय शिकवावं, असा एक माज होता. घरी मॉड्युलर सिंथ, म्हणजे सुटे भाग (मॉड्युल) वायरींनी एकमेकांना जोडून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, बांधायला घेतला नि पहिल्या सहा मॉड्युलांतच तो उतरला.

आधी डोक्यात अर्थातच पी-३८, म्हणजे आपली पाव इंची मोनो पिन. दणकट, आणि मूग कंपनीच्या जुन्या मॉड्युलरवरही तीच. पण पत्र्यावर पेन्सिलीने आखून बघितलं तर जॅकांनीच पॅनेल भरलं, नॉब लावायला जागा उरेना. मग बनानाचा मोह. मल्टीमीटरच्या वायरीला असतो तोच, चार मिलीमीटरचा. सर्ज नावाच्या सिंथवर तोच दिसतो. एकाच्या पाठीत दुसरा खोचता येतो, त्यामुळे एक व्होल्टेज तीन ठिकाणी न्यायला काही खटाटोप नाही. पण त्याला तार एकच, ग्राउंड सोबत येत नाही. दुसरी पेटी जोडायची तर ग्राउंडची वायर वेगळी ओढा. माझ्या मित्राकडे युरोरॅक आहे, डोएप्फर या जर्मन कंपनीने १९९५ साली आणलेलं मॉड्युलांचं माप, आणि त्यावर सगळीकडे साडेतीन मिलीमीटरचे मोनो जॅक. म्हणजे आपली ईपी, हेडफोनच्या पिनेच्या मापाची. त्याच्याशी जोडायचं तर प्रश्नच मिटला.

मिटला कसला! सांगलीत मोबाईल दुरुस्तीवाल्यांना लागणारे स्वस्त ईपी सॉकेट मी पन्नास उचलले.

मिरजेचे एक तंबोरे बनवणारे चाचा सिंथ ऐकायला आले होते. मी षड्ज धरून ठेवला आणि सहज वायरीला हात लागला, तर सूर घसरला. चाचा म्हणाले, "खुंटी ढिली हाय तुझी. खडू लाव."

हसलो, पण दुखणं तेच होतं. इथे सूर वायरीतल्या व्होल्टेजवर ठरतो: एका सप्तकाला एक व्होल्ट, म्हणजे सप्तकातल्या बारा स्वरांत एकापासून शेजारच्यापर्यंत जेमतेम ८३ मिलिव्होल्ट. माझ्या आउटपुटला एक किलोओहमचा रेझिस्टर, समोरच्या इनपुटला शंभर किलोओहम. एवढ्यानेच पाच व्होल्टमागे साधारण ५० मिलिव्होल्ट गळतात. ती गळती कायम तेवढीच राहते, ट्यूनिंगमध्ये जिरवता येते. सॉकेटची पट्टी ढिली झाली की मात्र तिथला रोध वायर हलेल तसा बदलतो. त्याला ट्यूनिंगचा कुठला प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) पुरणार?

दुसरा घोळ माझाच. स्विचवाल्या जॅकमध्ये पिन नसताना आतली स्विचची पट्टी टिपला, म्हणजे पिनेच्या टोकाला लागणाऱ्या पट्टीला, टेकलेली असते, पिन घातली की सुटते. मी टिप आणि स्विचची टोकं उलटी सोल्डर केली, आणि पिन घातली की आवाज गायब. एक अख्खा रविवार त्यात गेला.

आता मोनो, स्विचवाले, पॅनेलला नटाने आवळायचे जॅकच घेतो. दोन जॅकांत मध्यापासून मध्यापर्यंत चौदा मिलीमीटर, नाहीतर माझी जाडी बोटं शिरत नाहीत. केबली घरीच करतो: १५, ३० आणि ६० सेंटिमीटर, प्रत्येक मापाला वेगळा रंग. वायर बारीक, मऊ, शील्डवाली. मायक्रोफोनची जाड केबल लावून बघितली होती, तिच्या ताठरपणाने पिनाच उपटून येतात.

नवे जॅक आले तेव्हा चाचांनी एक हातात घेतला, डोळे मिटून दहा-बारा वेळा पिन आत-बाहेर केली. "ही बसतीय," म्हणाले, आणि चहा मागवला. जुन्यांपैकी अकरा अजून बदलायचेत.