वीस जानेवारी, दुपारचे बारा : माझ्या नागरिकत्वाच्या परीक्षेचा अनुभव

अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज भरताना वाटलं होतं, खरी दमछाक कागदपत्रांत होणार. एन-४०० नावाचा लांबलचक फॉर्म, गेल्या पाच वर्षांतल्या परदेशवाऱ्यांच्या तारखा, जुने पत्ते, करांचे कागद, मग बोटांचे ठसे. ते सगळं रीतसर पार पडलं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. मी रेंगाळले ती परीक्षेच्या अभ्यासात, आणि तेही उत्तर पाठ असलेल्या एका प्रश्नावर.

परीक्षा तोंडी असते. मी दिली तेव्हा १०० प्रश्नांची यादी होती. अधिकारी त्यातले जास्तीत जास्त १० विचारणार, ६ बरोबर आले की पास. माझी तयारी करून घ्यायचं काम हायस्कूलमध्ये जाणाऱ्या लेकीने अंगावर घेतलं होतं. जेवणं आटोपली की ती यादी घेऊन बसायची. एका रात्री एकतिसावा प्रश्न आला: राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघेही काम करू शकत नसतील, तर राष्ट्राध्यक्ष कोण होतं?

"प्रतिनिधिगृहाचा स्पीकर," मी म्हटलं.

"बरोबर. पण आई, आत्ता स्पीकरच नाहीये."

ते ऑक्टोबर २०२३ चे दिवस होते. ३ तारखेला केविन मॅकार्थी यांना सभागृहाने मतदान करून पदावरून काढलं होतं. अमेरिकेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं होतं, आणि त्यांच्या जागी कोण, हे काही केल्या ठरत नव्हतं. वर यादीत सत्तेचाळिसावा प्रश्न होताच: सध्याच्या स्पीकरचं नाव सांगा. लेक तिथेच थांबली असती तर बरं, पण तिने पुढचं विचारलं. "आणि समज, निवडणूक झाली, २० जानेवारीची दुपार झाली आणि शपथ घ्यायला कोणीच तयार नसेल तर?"

भारतात वाढलेल्या माणसाला यात अडचण दिसत नाही, कारण आपल्या घटनेच्या कलम ५६ प्रमाणे राष्ट्रपतींची मुदत संपली तरी नवे राष्ट्रपती पदभार घेईपर्यंत जुनेच पदावर राहतात. अमेरिकेत तसं मुळीच नाही. इथे २० जानेवारीला दुपारी १२ वाजता जुन्या राष्ट्राध्यक्षाची मुदत संपते. पुढचा माणूस आलेला असो वा नसो, एक मिनिटही वाढवून मिळत नाही. ही गोष्ट मला इतकी भिडली की त्या रात्री यादी बाजूला ठेवून मी विसावी घटनादुरुस्ती काढून वाचली.

ती २३ जानेवारी १९३३ ला मंजूर झाली. त्याआधी सत्तांतर ४ मार्चला व्हायचं. तिचं तिसरं कलम मी पेन्सिल घेऊन शब्दन् शब्द वाचलं. निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष मुदत सुरू होण्याआधी वारला, तर निवडून आलेला उपाध्यक्ष राष्ट्राध्यक्ष *होतो*. पण राष्ट्राध्यक्ष कोण हेच अजून ठरलं नसेल, किंवा निवडून आलेला माणूस पदासाठी पात्र ठरला नसेल, तर उपाध्यक्ष नुसता राष्ट्राध्यक्षाचं *काम पाहतो*, पात्र राष्ट्राध्यक्ष मिळेपर्यंत. आणि दोघांपैकी कोणीच तयार नसेल, तर काम कोणी पाहायचं ते काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून ठरवावं. एवढ्याशा मजकुरात मालकी आणि राखण यांच्यात किती काळजीपूर्वक भेद केला आहे! मला यात फार मोठं शहाणपण दिसतं.

आणि हे कलम कागदावर येताच त्याची गरज पडते की काय, अशी वेळ आली होती. मंजुरीनंतर महिनाही झाला नव्हता. १५ फेब्रुवारी १९३३ ला मायामीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते निवडून आले होते, पण शपथ व्हायची होती. ते वाचले, शिकागोचे महापौर अँटन सरमॅक यांना गोळी लागली आणि ६ मार्चला ते गेले. नेम लागला असता तर ४ मार्चला निवडून आलेले उपाध्यक्ष जॉन गार्नर राष्ट्राध्यक्ष झाले असते, आणि त्यावर वाद घालायला कोणाला जागा उरली नसती.

त्याआधी मात्र बराचसा भरवसा वेळेत निर्णय होण्यावर होता. १८०१ मध्ये जेफरसन आणि बर यांना राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळाची प्रत्येकी ७३ मतं पडली, आणि प्रतिनिधिगृहाने छत्तिसाव्या फेरीत, १७ फेब्रुवारीला, जेफरसन यांना निवडलं. १८७७ मध्ये हेस की टिल्डन, याचा निकाल लागला २ मार्चला, मुदत संपायला जेमतेम दोन दिवस असताना.

अशी कोंडी आजही होऊ शकते. निर्वाचक मंडळाच्या ५३८ पैकी २७० मतं कोणालाच मिळाली नाहीत तर राष्ट्राध्यक्ष प्रतिनिधिगृह निवडतं, पण तिथे मत माणसाला नसतं, राज्याला असतं. कॅलिफोर्नियाच्या ५२ सदस्यांचं मिळून एक मत, वायोमिंगच्या एकट्या सदस्याचंही एकच. ५० पैकी २६ राज्यं एका बाजूला येईपर्यंत निवड होत नाही. उपाध्यक्ष सिनेट निवडतं. प्रतिनिधिगृह अडलं आणि सिनेटचं जमलं, तर तो उपाध्यक्ष दुपारी बारापासून काम पाहू लागतो. दोन्हीकडे गाडं अडलं, तर १९४७ चा कायदा लागू होतो: आधी स्पीकर, मग सिनेटचे प्रेसिडेंट प्रो टेम (हंगामी अध्यक्ष), मग परराष्ट्रमंत्री, अर्थमंत्री, संरक्षणमंत्री असे पुढे एकेक मंत्री.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. स्पीकरला हे काम हाती घ्यायचं तर स्पीकरपदाचा आणि सदस्यत्वाचा, दोन्हींचा राजीनामा द्यावा लागतो. समजा त्याने तो दिला आणि आठवड्याभरात प्रतिनिधिगृहाचं एकमत झालं, तर नवा राष्ट्राध्यक्ष येणार आणि याच्या हातात ना हे पद राहणार ना ते. कोण तयार होईल? म्हणजे रांगेतला पहिलाच माणूस मागे सरण्याची शक्यता आहे, आणि म्हणूनच त्याच्यामागे इतकी लांब रांग हवी. २०२३ च्या त्या ऑक्टोबरात स्पीकरची खुर्ची २२ दिवस रिकामी होती, तेव्हा उपाध्यक्षांनंतर नंबर प्रेसिडेंट प्रो टेम पॅटी मरे यांचा होता. मी लेकीला तसं सांगितलं तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

नात्यातल्या एका काकांशी फोनवर हे बोलत होते. ते म्हणाले, "अगं, हे आपल्याकडे घडलंय की!" खरंच घडलं होतं. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन पदावर असतानाच गेले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले, आणि राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला त्यांनीही २० जुलैला राजीनामा दिला. तशी वेळ आली तर काय, याचा कायदा संसदेने मे महिन्यातच करून ठेवला होता, म्हणून सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतींचं काम पाहिलं. अमेरिकेच्या रांगेत न्यायाधीश नाहीतच.

त्या रांगेतली एक गोष्ट मला जिव्हारी लागली. रांगेत असूनही जन्माने नागरिक नसलेल्या मंत्र्याला वगळून पुढे जातात. हेन्री किसिंजर जर्मनीत जन्मले, मॅडलिन ऑल्ब्राइट प्रागमध्ये. दोघंही परराष्ट्रमंत्री झाले, पण त्या क्रमात त्यांचा नंबर लागू शकत नव्हता. माझा अर्ज चालू होता तेव्हाच्या मंत्रिमंडळात ऊर्जामंत्री जेनिफर ग्रॅनहोम व्हँकुव्हरच्या आणि अंतर्गत सुरक्षामंत्री अलेहांद्रो मायोर्कास हवानाचे. मी ज्या नागरिकत्वासाठी धडपडत होते, त्यात बाकी सगळे हक्क होते, हा एक नव्हता. हा नियम मला आजही पटत नाही. ज्याने विचार करून, शपथ घेऊन हा देश स्वीकारला, त्याच्या निष्ठेवर शंका कशाला?

२५ ऑक्टोबरला माइक जॉन्सन स्पीकर झाले. माझी मुलाखत त्यानंतर लगेच होती. अधिकारी वयस्क, मृदू बोलणाऱ्या बाई. उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ, फॉर्ममधल्या उत्तरांची उजळणी, एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं. मग प्रश्न. घटनेत किती दुरुस्त्या आहेत, हा त्यातला एक. "सत्तावीस," मी म्हटलं, आणि विसाव्या दुरुस्तीबद्दल त्या काही विचारतील का, म्हणून वाट पाहत राहिले. त्यांनी नाही विचारलं. सहावं उत्तर बरोबर आलं तशी त्यांनी वही मिटली.

शपथविधीला ग्रीन कार्ड परत घेतलं आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात दिलं. शपथेत कुठल्याही राष्ट्राध्यक्षाचं नाव नाही. निष्ठा वाहायची ती घटनेला आणि कायद्याला. दोन महिन्यांपूर्वी ही ओळ मी पाठ करून मोकळी झाले असते. आता तिचा अर्थ कळत होता आणि म्हणताना आवाज भरून आला. पुढे भारतीय पासपोर्ट सरेंडर करणं आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड काढणं, हे ओघाने आलंच.

आता तयारी करणाऱ्यांसाठी: २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना नवी परीक्षा आहे. प्रश्न १२८, विचारतात २० पर्यंत, बरोबर हवेत १२. पदाधिकाऱ्यांची नावं छापील यादीवरून पाठ करू नका, मुलाखतीच्या आदल्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या. आणि विसाव्या दुरुस्तीचं तिसरं कलम एकदा जरूर वाचा, पाच मिनिटंही लागत नाहीत.