नदीला पचेल असं रसायन : आमची वाटचाल

आमच्या ऑफिसात शिरलं की डाव्या भिंतीवर स्टेनलेस स्टीलची एक पातळ प्लेट टांगलेली दिसते. निम्मी चकचकीत, निम्मी पांढऱ्या दगडासारख्या थराने भरलेली. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय आहे? मग मी त्यांना बसवते, चहा मागवते आणि सांगायला लागते.

शिवाजी विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी नऊ वर्षं पाणी प्रक्रियेच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम केलं. २००९ मध्ये नोकरी सोडली. जवळ वडिलांनी दिलेले दीड लाख रुपये, पाणी तपासायचं एक किट आणि धाकट्या भावाचा छोटा हत्ती. शिरोली एमआयडीसीत भाड्याचं गोडाऊन घेतलं. पाण्यातला चुना बसू न देणाऱ्या औषधाचा कच्चा माल आणायचा, दोनशे लिटरच्या पिंपात मिसळायचा, फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, पोचवायचा. कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फाउंड्रींना तोटा नाही, आणि प्रत्येक इंडक्शन फर्नेसला, म्हणजे विजेवर लोखंड वितळवणाऱ्या भट्टीला, सतत गार पाणी लागतं. फर्नेसच्या कॉइलमधून शुद्ध पाणी फिरतं, ते प्लेटच्या हीट एक्स्चेंजरमध्ये कूलिंग टॉवरच्या पाण्याने गार होतं. घोळ होतो तो या टॉवरच्या पाण्याचा. त्यात बोअरचं पाणी असतं. शिरोळ-हातकणंगल्याकडचं बोअरचं पाणी किती जड, ते आमच्याकडच्या कोणत्याही घरातल्या हंड्याचा तळ बघितला की कळतं.

टॉवरमधून शुद्ध पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. पाणी गरम प्लेटवर आलं की चुना तिथेच बसतो. प्लेटीत पाणी जाईनासं झालं की कॉइल तापते, फर्नेस ट्रिप होते आणि वितळलेलं लोखंड तसंच आत राहतं. भिंतीवरची प्लेट अशाच एका दिवसाची. तिथले मेंटेनन्सचे मेस्त्री मला म्हणाले होते, "ताई, तुमचं औषध काय ते बघा, नाहीतर ही प्लेट घरी न्या." मी ती खरंच मागून घेतली. निम्मा भाग ॲसिडने साफ करून बघितला, निम्मा तसाच ठेवला.

त्या काळात आम्ही सगळे विकतो तेच विकत होतो: फॉस्फोनेट आणि पॉलिॲक्रिलेट यांचं मिश्रण. काम उत्तम करतं, स्वस्त पडतं. ते वाईट आहे असं मी आजही म्हणत नाही. पण टॉवरमधलं घट्ट झालेलं पाणी रोज थोडं सोडून द्यावं लागतं. ते गटारात, गटारातून ओढ्यात, ओढ्यातून पंचगंगेत. माझं माहेर शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की जलपर्णी या काठापासून त्या काठापर्यंत पसरते, खालचं पाणी दिसतसुद्धा नाही. जलपर्णी वाढते ती मुख्यतः सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर, आमच्या कॅनमधल्या चार थेंबांवर नव्हे, हे मला माहीत होतं. तरी फॉस्फोनेटमध्ये स्फुरद आहे, आणि पॉलिॲक्रिलेट जिवाणूंना सहज पचत नाही, हेही माहीत होतं. आईच्या घराच्या ओट्यावर बसलं की ते डोक्यातून जायचं नाही.

२०१२ च्या सुमारास जुने शोधनिबंध वाचताना मी कालवांपाशी येऊन थांबले. कोकणात खडकावरून फोडून काढतात तीच कालवं. त्यांचं कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आमच्या प्लेटवर बसतो तोच पदार्थ. पण कालव तो हवा तिथेच बसवतं, हवा तेवढाच. कवचातून काढलेली विरघळणारी प्रथिनं कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक तयार होण्याला आणि वाढण्याला आवर घालतात, हे १९८१ मध्ये अमेरिकेत दाखवलं गेलं. अशा प्रथिनांत ॲस्पार्टिक आम्ल भरपूर असतं. ते एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांच्या साखळीतली एक कडी. मग प्रश्न उरला तो एवढाच: कालव न मारता, फक्त ॲस्पार्टिक आम्लाची साखळी कारखान्यात करता येईल का?

येत होती. १८९७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ ह्यूगो शिफ यांनी ॲस्पार्टिक आम्ल तापवून त्याचे रेणू जोडले जातात हे नोंदवलं होतं. १९५० च्या दशकात सिडनी फॉक्स अमिनो आम्लं कोरडी तापवून प्रथिनासारख्या साखळ्या करत होते, पण त्यांचा ध्यास सजीवांची सुरुवात कशी झाली हा होता. धंद्यात हे आणलं ते अमेरिकेच्या डॉनलार या छोट्या कंपनीने. १९९६ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षांच्या नावाने दिला जाणारा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला, आणि त्यात लघुउद्योगाचा मान तिला मिळाला, या थर्मल पॉलिॲस्पार्टेटसाठीच, म्हणजे ॲस्पार्टिक आम्ल तापवून केलेल्या साखळीसाठीच. 'लघुउद्योग' हा शब्द मी पेन्सिलने अधोरेखित केला होता. तो कागद अजून माझ्या खणात आहे.

रसायन सांगायला सोपं आहे. ॲस्पार्टिक आम्लाची पांढरी पूड २०० अंशांच्या वर तापवली की प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू निघून जातात आणि पॉलिसक्सिनिमाइड उरतं. हिशेब असा की १३३ किलो आम्लातून ३६ किलो पाणी वाफ होऊन जातं आणि ९७ किलो माल हाती येतो. तो पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक सोड्याने हळूहळू उघडला की सोडियम पॉलिॲस्पार्टेट होतं, मधाच्या रंगाचं द्रावण. टॉवरमध्ये ते हजार लिटरला काही ग्रॅम पुरतं, कारण ते पाण्यातला चुना एकेक करून धरून ठेवत नाही. नुकत्याच जन्मलेल्या स्फटिकाच्या कडांवर जाऊन बसतं आणि त्याला वाढू देत नाही.

'ॲस्पार्टिक' हे नाव ॲस्पॅरॅगसवरून आलं, म्हणजे आपल्या शतावरीच्या कुळातल्या भाजीवरून. १८०६ मध्ये फ्रान्समध्ये तिच्या रसातून ॲस्पॅराजिन काढलं गेलं आणि १८२७ मध्ये त्यापासून ॲस्पार्टिक आम्ल. आज ते फ्युमॅरिक आम्ल आणि अमोनिया यांच्यापासून जिवाणूंच्या एन्झाइमने करतात. माझ्या सासूबाई वैद्यांकडून शतावरी कल्प आणायच्या. त्यांना हे नातं सांगितलं तेव्हा कंपनीत मी नेमकं काय करते ते त्यांना पहिल्यांदा आपलं वाटलं.

सुरुवातीला आम्ही चीनचं तयार ४० टक्के द्रावण आणलं. प्रयोगशाळेत निकाल सुरेख. कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी रात्रभर गरम ठेवायचं, सकाळी गाळून किती कॅल्शियम द्रावणात टिकलं ते टायट्रेशनने मोजायचं. बिनऔषधाच्या बीकरच्या काचेला पांढरा थर, आमचा बीकर स्वच्छ. मी त्याच फाउंड्रीत गेले. मेस्त्रींनी मान हलवली, मालकांनी तीन महिने दिले.

सहाव्या आठवड्यात प्लेटी भरल्या.

मी आठ दिवस तिथे बसून होते. पाणी तपासलं, पंप तपासला, काही सापडेना. मग एका सकाळी बघितलं, टॉवरच्या हौदात शेवाळ धरू नये म्हणून एक पोरगा हायपोक्लोराइटचा, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाचा, कॅन ओततोय. रोज ओतत होता, आमचा डोसिंग पंप सुरू व्हायच्या वेळेलाच. क्लोरीन या साखळीला तोडतो. हे छापील ज्ञान होतं, मी वाचलंही होतं, पण त्या फाउंड्रीत विचारलं नव्हतं. दोष माझा होता आणि मी मालकांना तसं सांगितलं. एक्स्चेंजर आमच्या खर्चाने साफ करून दिला. तेव्हापासून नवीन गिऱ्हाइकाला आमचा पहिला प्रश्न असतो: शेवाळासाठी काय टाकता आणि किती वाजता? क्लोरीन रात्री, त्याचा अंश उतरल्यावर आमचं औषध, किंवा क्लोरीन नसलेलं जीवाणूनाशक. एवढ्याने काम भागतं.

दुसरा धडा उन्हाळ्यात मिळाला. एका साखर कारखान्याच्या स्प्रे पाँडसाठी, म्हणजे गरम पाणी फवारून गार करायच्या तळ्यासाठी, आम्ही माल दिला होता. त्यांनी तो पाण्यात पातळ करून उघड्या टाकीत ठेवला. दहा दिवसांत टाकीवर बुळबुळीत साय आली आणि वास सुटला. फोनवर मला बरंच ऐकावं लागलं. पण टाकीजवळ उभी राहिले तेव्हा मला आत कुठेतरी समाधान वाटलं, कारण जिवाणू ते खात होते. नदीत गेल्यावर त्याचं व्हायला हवं तेच आधी टाकीत झालं होतं. आता आम्ही २० लिटरच्या कॅनमध्ये, पीएच ९ च्या वर ठेवून, न पातळ करता थेट डोसिंग पंपाने द्यायला सांगतो. कॅनवर तारीख मोठ्या अक्षरात असते.

२०१७ मध्ये कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत जागा घेतली, कारण माल स्वतः करायचा होता. साध्या तापवण्याने तयार होणाऱ्या साखळ्यांना फांद्या फुटतात, आणि फांद्यांची साखळी जिवाणूंना पूर्ण पचत नाही. मॅलेइक अनहायड्राइड आणि अमोनियाचा रस्ता स्वस्त, पण तिथेही हाच प्रश्न. फॉस्फोरिक आम्ल घालून केलं की साखळी लांब आणि सरळ होते. त्या फॉस्फोरिक आम्लानेच आमची परीक्षा घेतली. ते घातलं की मधल्या टप्प्यात पूड राहत नाही, भाकरीच्या पिठासारखा चिकट गोळा होतो, फुगतो आणि शेवटी दगड होतो. पहिल्या बॅचला गोळ्याने स्टररचा दांडा वाकवला. भाऊ आणि दोन कामगार चार दिवस छिन्नी-हातोडीने माल फोडत होते. बँकेचा हप्ता सुरू झालेला. अनेकांनी सांगितलं, फॉस्फोरिक सोड, फांद्या कोण मोजतंय? मी नाही म्हटलं. फांद्यांचाच माल करायचा असेल तर मी नोकरीच केली असती.

उपाय भावाने काढला. घरच्या गुऱ्हाळात रस आटताना सतत खरवडत राहावं लागतं, तो ते लहानपणापासून बघत आला होता. त्याने दोन आडवे, एकमेकांची पाती खरवडणारे दांडे बसवून घेतले, आम्ल एकदम न घालता टप्प्याटप्प्याने घातलं आणि मधे थांबून अर्धवट झालेला माल दळला. अकराव्या बॅचला पूड पूडच राहिली. बिस्किटाच्या रंगाची. फॉस्फोरिक आम्ल धुऊन काढतो, आणि त्या धुवणाचं काय करायचं यावरही वर्षभर डोकं घातलं. स्फुरद टाळण्यासाठी निघालेल्या माणसाने तो मागच्या दाराने ओढ्यात सोडायचा नसतो. आज ते चुन्याने बसवून गाळ वेगळा करतो आणि पाणी पुन्हा वापरतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, आमच्या गाड्या अडकल्या. माहेरच्या घरात पाणी माळ्यापर्यंत आलं. त्या महिन्याचं बाकी काही सांगण्यासारखं नाही.

त्या मेस्त्रींच्या फाउंड्रीत आज टॉवरचं पाणी पूर्वीच्या दुप्पट घट्ट चालवतात. रोज १२ हजार लिटर पाणी वाफ होत असेल, तर नव्या पाण्याच्या दुप्पट घट्ट झाल्यावर सोडून द्यायचं म्हटलं की रोज २४ हजार लिटर नवं पाणी लागतं. चौपटीपर्यंत नेलं तर १६ हजार. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्याला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. किमतीत आम्ही जुन्या मिश्रणाशी बरोबरी करू शकत नाही, पाण्याच्या हिशेबात करतो. जिथे पाण्यात कॅल्शियम फॉस्फेटचा त्रास आहे तिथे मी आजही दुसरं पॉलिमर सुचवते, कारण तिथे आमचं कमी पडतं.

नावामुळे लोक बऱ्याच गोष्टी विचारतात. पॉलिॲस्पार्टिक फ्लोअरिंग करता का, असा आठवड्याला एक फोन असतो. ते वेगळं: ॲस्पार्टिक एस्टरपासून होणारं पॉलियुरिया, जमिनीवरचा कठीण लेप, जिवाणूंना न पचणारा. कृषी सेवा केंद्रातल्या 'अमिनो ॲसिड'च्या बाटल्याही आमच्या नव्हेत, त्यात बहुधा प्रथिनं तोडून केलेला अर्क असतो, आमच्याकडे तर सुटी आम्लं जोडतात. पण पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्टीवर पेशी चिकटून राहाव्यात म्हणून लावतात ते पॉलिलायसिन, लायसिन या अमिनो आम्लाची साखळी, मात्र सख्खं नातेवाईक. अशा साखळ्यांवर पायाभूत काम करणारे एफ्रैम कात्झिर पुढे इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्याच वाइझमन संस्थेत चार अमिनो आम्लांच्या साखळीतून मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरचं ग्लाटिरामर हे औषध निघालं. आमच्याकडे रुजू होणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे सांगते. आपण चुना घालवायचं औषध भरतोय एवढंच तिला वाटू नये.

आता आम्ही अकरा जण आहोत. गेल्या वर्षापासून एक नवं काम हातात आहे. पॉलिसक्सिनिमाइडच्या साखळ्या एकमेकींना डायअमाइनने, म्हणजे दोन्ही टोकांनी जोडणाऱ्या रसायनाने, बांधून मग कॉस्टिकने उघडल्या, तर विरघळणारं द्रावण होत नाही, पाणी शोषून फुगणारा जेल होतो. ऊस रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये कोकोपीटबरोबर तो घालून बघतोय. शिरोळमधल्या एका रोपवाटिकेत सहा ट्रे जेलचे आणि सहा साधे, शेजारी शेजारी ठेवले आहेत. जड पाण्यात जेल कमी फुगतो, कॅल्शियम त्याला आवळून धरतो. ज्या कॅल्शियमला आम्ही इतकी वर्षं थोपवलं तेच इथे आडवं येतंय. दर दोन दिवसांनी मी सकाळी सात वाजता जाते, ट्रे तराजूवर ठेवते आणि वजन वहीत लिहून घेते.