कापसाच्या ढिगात कुणी झोपतं का, सर?

मी जळगावला राहतो आणि दहा ते चौदा वर्षांच्या पोरांसाठी गोष्टी, कादंबऱ्या लिहितो. मागच्या वर्षी फेब्रुवारीत एका कादंबरीचा तिसरा खर्डा तयार होता, प्रकाशकाला मेल करायचं तेवढं बाकी होतं, तर आमच्या ग्रुपमधल्या धुळ्याच्या ताईंचा फोन आला, "भाऊ, पाठवू नको अजून, आधी पोरांसमोर वाच. मी येते सोबत."

ग्रुप म्हणजे आम्ही पाचच जण, जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे. ओळख झाली ती अमळनेरला, फेब्रुवारी २०२४ च्या ९७ व्या साहित्य संमेलनात. अमळनेरला १९५२ नंतर थेट तेव्हाच संमेलन आलं होतं, प्रताप कॉलेजच्या मैदानावर ही गर्दी, आणि आम्ही मुलांसाठी लिहिणारे चहाच्या स्टॉलवर एकमेकांना सापडलो. तेव्हापासून महिन्यातून एक रविवार कुणाच्या तरी घरी बसतो, लिहिलेलं वाचतो, शेवभाजी खातो. माझ्या आयुष्यात लिहिण्याच्या बाबतीत यापेक्षा चांगलं काही घडलेलं नाही, कारण आधी दहा वर्षं मी एकटाच लिहीत होतो आणि घरचे सगळं छानच आहे म्हणायचे.

तर शाळा ठरली अमळनेर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, सहावी-सातवीची मिळून एकतीस पोरं. ताईंची पद्धत अशी की वाचणारा पुढे उभा राहतो आणि दुसरा लेखक त्याच मजकुराची प्रिंट आणि पेन्सिल घेऊन मागे बसतो, कागदाकडे कमी आणि पोरांकडे जास्त बघतो. चुळबूळ सुरू झाली की त्या ओळीशी आडवी रेघ, पोरं गप्प होऊन पुढे सरकली की टिंब. मतं विचारायची नाहीत, कारण पाहुण्याला पोरं "आवडलं" असंच सांगतात, पण पाय खोटं बोलत नाहीत.

पहिली दोन प्रकरणं बरी गेली. तिसऱ्यात माझा हिरो घरातून रुसून निघतो आणि रात्रभर शेजारच्या घरात कापसाच्या ढिगात लपून झोपतो. मी लिहिलं होतं, ढगात झोपल्यासारखं मऊ मऊ वाटलं वगैरे. मला तो परिच्छेद फार आवडायचा, खरं सांगतो, चार वेळा घासून पुसून लिहिला होता. वाचताना मागे कुजबुज सुरू झाली, मग हसू, आणि खिडकीजवळच्या एका पोराने हातच वर केला. "सर, कापसाच्या ढिगात कुणी झोपतं का? खाज सुटते ना!" आणि त्याने बाही वर करून दंड दाखवला, लाल लाल बारीक पुरळ, नखांनी ओरबाडलेलं. लगेच आणखी पाच-सहा बाह्या वर गेल्या.

मी वाचन थांबवलं. मग पोरं बोलायला लागली आणि मी ऐकत राहिलो. दिवाळीपासून कापूस घरात भरलेला, भाव वाढेल म्हणून विकलेला नाही, पुढची खोली आढ्यापर्यंत भरली आहे, साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात त्याने सगळ्यांचं अंग खाजतं, आग लागेल म्हणून त्या खोलीत चिमणीचा दिवा, आगकाडी काही न्यायची नाही, आणि जेवण-झोपणं सगळं ओट्यावर. एक मुलगी म्हणाली, गाडी येऊन कापूस गेला की मगच माझी सायकल येणार आहे. शांतपणे म्हणाली, जसं सगळ्यांच्या घरी असंच असतं, आणि तिथे बहुतेकांच्या घरी तसंच होतं. मी खानदेशातच वाढलो, पण शहरात, कापूस पाहिला तो जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, बाहेर ट्रॅक्टरमध्ये.

त्या सायकलवाल्या मुलीनेच मग दुसरी चूक काढली. सकाळी हिरो परत येतो तेव्हा आजी म्हणते, "बाळा, कुठे होतास रे तू? मला किती काळजी वाटली!" ती मुलगी अहिराणीत, आमच्या खानदेशच्या बोलीत म्हणाली, मन्ही आजी अशी नही बोलस. मग कशी बोलते, विचारलं तर तिने कमरेवर हात ठेवला आणि आवाज बदलून म्हणाली, "कथा व्हता रे रातभर? चाल, भाकर खाई ले." अख्खा वर्ग हसला. त्या दोन वाक्यांत काळजी, राग, भूक सगळं आलं आणि काळजी हा शब्दसुद्धा नाही.

परत येताना मी गाडीत गप्प होतो, आता एवढं सगळं पुन्हा लिहायचं म्हणून. ताईंनी प्रिंट माझ्या मांडीवर ठेवली. हिरोच्या साहसावर सगळीकडे रेघा, आणि जिथे पोरं स्वतः बोलत होती तिथे समासात टिंबंच टिंबं, ती त्यांनी मजकूर नसताना काढलेली. म्हणाल्या, "गोष्ट तर तुला तिथं मिळाली. भरलेली खोली आणि न आलेली सायकल." मग सानेगुरुजींचा विषय निघाला, १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या पोरांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढायचे, समोर बसलेल्या पोरांसाठी. ताईंना ते फार महत्त्वाचं वाटतं आणि त्या दिवशी मलाही वाटलं.

जुनी एकशे दहा पानं बाजूला ठेवली. आता कादंबरी एका मुलीची आहे, दिवाळी ते होळी एवढ्याच काळाची, आणि कापसाचा ढीग हळूहळू तिच्या घराची एकेक खोली घेत जातो. आजी अहिराणीतच बोलते, खाली अर्थ दिलेला नाही, ग्रुपमध्ये यावर दोन रविवार भांडण झालं पण मी ठाम आहे, संदर्भावरून पोरांना कळतं.

लपायची जागा मात्र मी त्याच वर्गाला विचारली होती. खिडकीजवळचा पोरगा म्हणाला, घरामागं पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, रचलेल्या असतात, त्यांच्या मागं. ती मुलगी लगेच म्हणाली, तिथं इचू असतो, त्यापेक्षा बैलगाडीखाली. बेल होईपर्यंत त्यांचं ठरलं नव्हतं. नव्या खर्ड्यात कादंबरीतली मुलगी आधी पऱ्हाट्यांमागे जाते, मग विंचू दिसतो, मग गाडीखाली. येत्या महिन्यात तिथेच वाचायचंय, ताई पेन्सिल घेऊन मागे बसणार आहेत.