साताऱ्याहून मिरजेला, आतल्या रस्त्याने

हायवेने कराड, पेठ नाका करत मिरज लवकर गाठता येते. गाण्यासाठी निघाला असाल तर मात्र कोरेगाव, रहिमतपूर, औंध, विटा, तासगाव असे जा. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागे गाडी रांगते, म्हणून पहाटेच निघावे.

औंधला गायक अंतूबुवा जोशींनी १९४० साली सुरू केलेला संगीत उत्सव आश्विनात, दिवाळीच्या तोंडावर भरतो. त्या दिवसांत गेलात तर मुक्कामच करा. एरवी तिथे कानावर फारसे काही पडत नाही; यमाईच्या डोंगरावरचे संग्रहालय बघून पुढे सुटावे.

खरा दिवस मिरजेसाठी राखायचा. आधी मीरासाहेब दर्गा. डोक्यावर रुमाल हवा. उत्तरेतल्या कैरान्याहून येऊन मिरजेचे झालेले गायक अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात वारले. त्यांची कबर याच आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. अमेरिकेत मिसिसिपीत ब्लूज नावाच्या गाण्याच्या वाटेवर गावोगाव निळ्या पाट्या लावल्यात म्हणे. इथे विचारत जायचे, कुणीही सांगते.

जवळच सतारमेकर गल्ली. इथले कारागीर शिकलगार, म्हणजे मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले काही वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वाद्याच्या बुडाला लागणारे भोपळे येतात ते मुख्यतः मंगळवेढा-पंढरपूरकडून. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळून जा.

तंबोरा घेताना पॉलिश आणि नक्षी शेवटी बघा. भोपळ्यावर बोटाने टकटक करत फिरा. एखाद्या जागी आवाज फुटका आला तर तिथे तडा आहे. बारीक भोके आणि खाली भुकटी दिसली की कीड, मग कितीही स्वस्त असो, सोडा. दांडीवर एका टोकाकडून नजर टाका, पीळ नको. आपली पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, आधी सांगा, तारांची जाडी त्यावर ठरते. पहिली तार मंद्र पंचमात (खालचा प), मधली जोड षड्जात (सा), शेवटची पितळी खर्जात (खालचा सा). (पहिल्या तारेला पंचमाऐवजी मध्यम लावायचा असेल तर तोही तिथेच ऐकून घ्या.)

पुढची परीक्षा जवारीची, म्हणजे तारेच्या गुंजणाऱ्या नादाची. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुती दोरा असतो, तो केसभर पुढेमागे सरकवला की एका जागी नाद उमलतो. दोरा कुठेही नेला तरी तार खरखरतच राहिली किंवा मुकीच राहिली, तर घोडीचा माथा नीट घासलेला नाही. दुकानातच घासून घ्या. घरी कानसीला हात लावू नका, एक घाव जास्त गेला की सगळे पहिल्यापासून.

गाडीत तंबोरा डिकीत ठेवायचा नाही. उन्हाने सांधे सुटतात. मागच्या सीटवर गोधडीत भोपळा बसवा, दांडी पुढच्या दोन सीटच्या मधून येऊ द्या. तारा थोड्या उतरवा, पण एकदम साऱ्या सैल केल्या तर घोडी सरकते. निघण्याआधी तिची कड पेन्सिलीने आखून ठेवा.

वेळ उरला तर कुरुंदवाड. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचे गाव. लहानपणी फटाक्याने डोळे गेले, उपचाराला मिरजेत आणले आणि तिथेच गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे सुरू झाले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही गाण्याची शाळा काढली. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कृष्णेचे पाणी विचारूनच तिकडे वळा, पुरात रस्ते बंद होतात.