टर्बो किट: निळा धूर एकदाचा थांबला

धूर गेला! माझ्या डिझेल गाडीला टर्बो किट आहे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्या गाडीतून येणारा निळा धूर एकदाचा थांबला. काल पसरणी घाट चढून-उतरून आलो. पाचगणीत गाडी आयडलवर सोडून निवांत चहा घेतला, मग सायलेन्सरच्या तोंडाशी जुना पांढरा रुमाल धरला. कोरडी काजळी लागली, तेलाचा ठिपका नाही.

लक्षण तुम्हाला आठवत असेलच. घाट चढताना पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बो पूर्ण दाबाने हवा देत असताना, मागे काहीच दिसायचं नाही. पण दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ब्रेकवर वाईला उतरलं आणि खाली अ‍ॅक्सिलरेटर दाबला की निळा ढग. आयडलवर जरा वेळ उभी केली तरी तेच. जो तो म्हणे, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं आणि ब्रीदरला (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीला) प्रेशर नाही, म्हणजे रिंगा ठीक, मग इंजिन का खोलायचं? टर्बोच्या शाफ्टलाही वाजवीपेक्षा जास्त प्ले (ढिलेपणा) नव्हता.

टर्बोत रबरी सील नसतं. शाफ्टवर पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात आणि एका बाजूच्या हवेच्या आणि दुसऱ्या बाजूच्या एक्झॉस्टच्या दाबाने तेल आत राहतं. आयडलवर तो दाब जेमतेम असतो. वर तेल येतं पंपाच्या प्रेशरने, परत जातं ते फक्त स्वतःच्या वजनाने, तेही फेसाळलेलं. परतीची वाट तुंबली की सेंटर हाउसिंग (शाफ्टभोवतीचा मधला भाग) भरतं आणि तेल रिंगांवरून टर्बाइनमध्ये, म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या बाजूला, उतरतं.

किटसोबत आलेली रिटर्नची (तेल परत नेणारी) रबरी नळी मध्येच झोळ खाऊन पुन्हा वर चढत होती. शिवाय ड्रेनचं, म्हणजे टर्बोतून तेल बाहेर पडतं त्या भोकाचं, तोंड उभ्या रेषेपासून फारच कललेलं. ते ३५ अंशांच्या आत हवं. एवढे पैसे घेणाऱ्या किटवाल्याने नळी तरी गाडीच्या मापाची द्यावी! म्हणून दोन्ही बाजूंच्या हाउसिंगचे बोल्ट सैल करून सेंटर फिरवलं. ड्रेन सरळ खाली आला, पण अ‍ॅक्च्युएटरचं ब्रॅकेट सेंटरच्याच बोल्टांवर असल्याने तेही फिरलं आणि रॉड वेस्टगेटच्या रेषेत येईना. (वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, आणि अ‍ॅक्च्युएटर ती रॉडने उघडतो.) इथेच सगळा वेळ गेला.

जुन्या एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांनी नवं ब्रॅकेट कापून दिलं आणि रिटर्नसाठी स्टीलचा पाइप वाकवून फ्लँजला (जोडाच्या चकतीला) आर्गन वेल्डिंग केलं. आतून बोट फिरवलं तर वेल्डचा दाणा लागत नाही. असं काम करणारा माणूस आपल्या साताऱ्यात आहे याचा मला फार अभिमान वाटतो. ड्रेनच्या फ्लँजला फक्त पॅकिंग लावा, सिलिकॉन अजिबात नको. दाबून आत आलेलं सिलिकॉन भोकच अडवतं.

रॉडचा प्रीलोड (आधीपासून दिलेला ताण) पायपंप आणि गेज लावून पुन्हा सेट केला. रॉड हलायला लागतो तो आकडा वेस्टगेटजवळच खडूने लिहून ठेवलाय.

आता रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली इंधनाची सेटिंग बदलणं) करायचा होता. पण हे लिहितानाच वाटतंय की आधी ईजीटी गेज, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर, बसवावा. डिझेलमध्ये इंधन वाढलं की उष्णता वाढते, आणि वाई ते पाचगणीसारख्या सलग चढावर ती किती जाते हे बघितल्याशिवाय ट्यूनरकडे जाणं मला पटत नाही. यवतेश्वर घाट त्यासाठी छोटा पडतो. गेजचा प्रोब टर्बाइनच्या आधी, मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरांचा एक्झॉस्ट टर्बोपर्यंत आणणाऱ्या भागात) हवा. पुढे डाउनपाइपमध्ये (टर्बोनंतरच्या पाइपात) तापमान कमी दिसतं.

कुणी मॅनिफोल्ड गाडीवरच ठेवून ड्रिल केलंय का? बिडाचा कीस टर्बाइनमध्ये जाण्याची भीती वाटते. टर्बो पुन्हा उतरवावाच लागणार असेल तर रिटर्नचा पाइपही तेव्हाच उष्णतारोधक स्लीव्हमध्ये घालून घेईन.