भूतनाथ मॉडेल, भाग ६ : फांसना शिखराला सावली मिळाली

जमलं एकदाचं! पाच रविवार खाल्लेलं शिखर काल रात्री साडेअकराला टेबललॅम्पखाली ठेवलं आणि थर न् थर वेगळा दिसला. झोपलेल्या बायकोला उठवून दाखवलं.

मागच्या भागात बदामीच्या भूतनाथाचं मुख्य देऊळ उभं राहिलं होतं. त्यानंतर तिथल्याच अगस्त्य तीर्थ तळ्याच्या ईशान्य काठावरचा मल्लिकार्जुन समूह घेतला. ११व्या शतकातली ही देवळं सोपी जातील असं वाटलं होतं, कारण भिंती अगदी साध्या, छज्जे उतरते, मूर्तिकामाची कटकट नाही. पण सगळी खुबी डोक्यावरच्या फांसना शिखरात आहे. एकमेकांना खेटून रचलेले आडवे थर, वर जाताना लहान होत जाणारे. प्रत्येक थराची कड बाहेर, खालचा गळा आत. उन्हात त्या गळ्यात काळी रेघ पडते. ती रेघ गेली की शिखर संपलंच, नुसता पिरॅमिड उरतो.

माझा तीनदा पिरॅमिडच झाला. १:१०० ला कड १ मिमी माउंट बोर्डची, गळा आयव्हरी शीटचा. पहिल्यांदा सगळं चिकटवून मग रंगवलं, तर रंगाने फटी बुजल्या. दुसऱ्यांदा थर लेझरवर कापून आणले. कडा करपलेल्या, आणि ती काजळी वालुकाश्माच्या तांबूस रंगातून दोन हातांनंतरही डोकावत राहिली. पैसे गेले ते गेलेच. ०.५ मिमीच्या गळ्यासाठी साधा कटर, नवं पातं आणि स्टीलची पट्टी यांना तोड नाही, हे माझं ठाम मत. तिसऱ्यांदा सलग ठोकळ्यावर कानशीने खाचा पाडल्या, तर कोपरे गोल झाले.

आता केलं ते असं. प्रत्येक थर सुटा रंगवला, गळ्याच्या पट्ट्या गडद तपकिरी. मधोमध दोन टाचण्या उभ्या केल्या आणि थर त्यांत ओवत गेलो, म्हणजे एकही तिरका बसत नाही. फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकाने, ठिपक्याएवढाच. (पोस्टर कलर वापरू नका, ओलाव्याने सुटतो. ॲक्रिलिकच घ्या.) गळा १ ऐवजी दीड मिमी आत घेतला. प्रमाणाला हे धरून नाही, पण मॉडेल लहान केलं तरी दिव्याचा उजेड काही लहान होत नाही. सावली हवी तर खोली वाढवावीच लागते.

टाचण्या काढताना एक सुचलं. भूतनाथाचं गर्भगृह आणि आतला मंडप बदामी चालुक्यांचे, ७व्या शतकाच्या अखेरचे. तळ्याकडे उघडणारा बाहेरचा मंडप कल्याणी चालुक्यांनी ११व्या शतकात जोडला. मग तो मंडपही टाचण्यांवर सुटा का बसवू नये? उचलला की खाली जुनं देऊळ! म्हणजे रेझिनचं तळं ओतायचं काम पुढे ढकललं. आधी चिकटवलेला जोड कापायचा. काल रात्रीच पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय.

अडचण एकच. माझे सगळे फोटो पलीकडच्या काठावरून, पाण्यासकट काढलेले. कुणी बदामीला जाणार असेल तर बाहेरच्या मंडपात उभं राहून आतल्या मंडपाच्या दाराचा एक सरळ फोटो काढा, जमिनीपासून छतापर्यंत, शेजारी पट्टी धरून.