उपवासाचा समुद्र

उपवासाला समुद्राचं मीठ चालत नाही, सैंधव चालतं. हा नियम कुणी केला याची चौकशी आमच्या घरात कधी झाली नाही. ते डोंगरातलं, म्हणून शुद्ध, एवढं आजीचं सांगणं पुरेसं होतं. साबुदाण्याच्या खिचडीत ती गुलाबीसर पूड पडली की एकादशी निर्धोक.

भूशास्त्राचं मत वेगळं आहे. डोंगरातलं मीठसुद्धा समुद्राचंच. फक्त तो समुद्र आटून फार काळ लोटला. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. जमिनीनं कोंडलेल्या उथळ पाण्यावर ऊन तापत राहिलं की ते ठरलेल्या क्रमानं तळाशी बसतात. आधी चुना, पाणी पाचव्या हिश्शावर आलं की जिप्सम, दहाव्या हिश्शावर आलं की मीठ, आणि अगदी शेवटी पोटॅशियम-मॅग्नेशियमचे कडू क्षार. उरणच्या मिठागरात आगरी माणूस एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी घेतो आणि मीठ धरलं की कडवट पाणी सोडून देतो, तेव्हा तो हेच करत असतो. म्हणजे एकादशीला आपण ताजा समुद्र सोडतो आणि शिळा खातो.

आपल्याकडे वर्षानुवर्षं येणारं सैंधव मुख्यतः पाकिस्तानी पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतलं, त्यातही खेवड्याच्या खाणीचं नाव मोठं. अलेक्झांडरच्या घोड्यांनी दगड चाटले आणि खाण सापडली, अशी दंतकथा आहे. (सैन्यातल्या कुणा सरदाराऐवजी घोड्यांना श्रेय मिळालं, हे मला आवडतं.) १८७२ साली वॉर्थ नावाच्या खाण-अभियंत्यानं पायथ्याशी मुख्य बोगदा काढला. निम्मं मीठ काढायचं आणि निम्मं खांब म्हणून जागेवर सोडायचं, ही तिथली पद्धत. एवढी शिस्त पाळली म्हणून डोंगर अजून वर आहे.

या मिठाच्या वयावरून मात्र शास्त्रज्ञांत चांगलीच जुंपली होती. बिरबल साहनी हे आपले थोर पुरावनस्पतिशास्त्रज्ञ. जन्म १८९१ चा, भेऱ्याचा. म्हणजे ही डोंगररांग त्यांच्या घराजवळचीच. त्यांना मिठात आणि त्याच्या सोबतच्या खडकांत झाडांचे अतिसूक्ष्म तुकडे सापडले. तशी झाडं पृथ्वीवर फार उशिरा आली, म्हणून मीठही तुलनेनं तरुण, पाचेक कोटी वर्षांचं, असं ते १९४० च्या दशकात हिरिरीनं मांडत होते. समोरची बाजू म्हणे, पन्नास कोटींहून जुनं! दहापटीचा फरक, आणि दोन्हीकडे शहाणी माणसं.

घोळ व्हायला कारण मिठाचा स्वभाव. ते दिसतं खडकासारखं, पण दाबाखाली सापडलं की कणकेसारखं वागतं. वरचे गाळाचे थर दाबानं घट्ट आणि जड होत जातात, मीठ मात्र हलकंच राहतं आणि वाट मिळेल तिथून वर चढतं. त्याचे घुमट तयार होतात. खेवड्याच्या परिसरात तर त्यानं वंगणाचं काम केलं. भारताचा भूखंड उत्तरेकडे रेटत असताना मिठाच्या थरावरून अख्खी डोंगररांग दक्षिणेकडे सरकली आणि म्हातारे खडक तरुणांच्या डोक्यावर जाऊन बसले. अशा ठिकाणी ‘जो खाली तो जुना’ हा साधा हिशेब कसा चालायचा? शेवटी ‘जुनं’ म्हणणारेच बरोबर ठरले. ते तुकडे मुरलेल्या पाण्याबरोबर नंतर आत शिरले असावेत, असं आता मानतात. साहनींचं निरीक्षण मला तरीही मोलाचं वाटतं. नीट पाहणारा माणूस चुकला तर वाद निदान वाचण्यासारखा होतो.

मे २०२५ मध्ये भारतानं पाकिस्तानातून होणारी सगळी आयात थांबवली. हिमाचलात मंडीजवळ द्रंग आणि गुम्मा इथे आपलं स्वतःचं सैंधव आहे, पण ते मातकट. त्यामुळे त्या वर्षी आषाढीला वाण्याकडची पुडी जरा फिकट दिसली तेव्हा मी विचारलंच.

‘‘इराणचं असेल,’’ तो म्हणाला. ‘‘उपवासाला चालतं की.’’

इराणात मिठाचे घुमट जमीन फोडून वर येतात आणि डोंगरउतारावरून हिमनदीच्या चालीनं खाली सरकतात. तिथल्या होर्मुझच्या मिठाचं वय खेवड्याच्या जवळपासच निघतं. पाव किलो घेतलं.